ब्रेकबाईंची जोखीम

गाडी शिकवणाऱ्या बाईंना त्यांचे विद्यार्थी पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. बाई तो असा काही दाबत, की शिकणाऱ्याचं कपाळ काचेपर्यंत जाऊन परत यायचं. हे नाव बाईंच्या कानावर आलं होतं आणि मनातून आवडलंही होतं, पण चेहऱ्यावर दिसू देतील तर त्या बाई कसल्या! वय सत्तावन्न, राहायच्या एकट्या, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं, तर म्हणायच्या, "गाडी शिकायला येणारे पुरुष रोज बघते. तेवढे पुरतात."

त्या सकाळी त्यांच्या शेजारी एक शिंपी बसला होता. पन्नाशी ओलांडलेला माणूस. रेशमी कापडावर कात्री चालवताना त्याचा हात कधी थरथरला नव्हता, पण स्टिअरिंग धरलं की थरथरायचा. कित्येक महिने शिकत होता, तरी मोठ्या रस्त्याला लागायचं म्हटलं की त्याच्या तोंडचं पाणी पळे.

बाईंचा जबडा आदल्या संध्याकाळपासून दुखत होता. आधी त्यांना वाटलं, दाढ. मग पाठीत भरून आलं, मळमळायला लागलं, तेव्हा वाटलं, पित्त. औषधाच्या दोन पळ्या घेऊन त्या झोपल्या होत्या. आता चौकाच्या अलीकडे त्यांना दरदरून घाम फुटला आणि छातीवर कोणीतरी मांडी ठोकून बसल्यासारखं झालं. त्यांनी ब्रेक दाबला.

"माझं काय चुकलं, मॅडम?" शिंप्यानं कपाळ चोळत विचारलं.

"तुमचं नाही. माझंच काहीतरी बिघडलंय. हॉस्पिटलला घ्या."

शिंप्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि तो पांढराफटक पडला. त्यानं आधी अँब्युलन्सला फोन लावला. जवळची गाडी बाहेर गेलेली, दुसरी यायला वेळ लागणार होता. हॉस्पिटल तर पुलापलीकडे दिसत होतं. मग त्यानं डोळे मिटले, उघडले आणि गाडी मोठ्या रस्त्यावर काढली.

"तिसरा गिअर टाका," बाई कण्हत म्हणाल्या. "इंजिन रडतंय."

"मॅडम, तुम्ही गप्प बसा. हात जोडतो."

"हात जोडू नका, स्टिअरिंग धरा!"

शिंप्यानं पूल ओलांडला, दोन बसगाड्यांच्या मधून वाट काढली आणि थेट अपघात विभागाच्या दारात गाडी उभी केली. बाईंना चाकांच्या खुर्चीत बसवून आत नेलं, तेव्हा तो तिथेच पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला, असं नंतर तिथल्या पहारेकऱ्यानं सांगितलं.

हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. डॉक्टरांनी मनगटातून तार घालून ती उघडली आणि आत जाळीची बारीक नळी बसवली. बाई शुद्धीवर होत्या. छतावरच्या दिव्यांकडे बघत त्या मनात म्हणत होत्या, आज दुपारच्या दोन शिकवण्या बुडाल्या.

तिसऱ्या दिवशी धाकटा भाऊ काचेपलीकडे डॉक्टरांशी बोलताना दिसला. भावाचं चष्म्याचं दुकान होतं. स्वभावानं तो भित्रा आणि प्रेमळ. डॉक्टर, म्हणजे एक बारीक आवाजाच्या, शांत बाई, काही सांगत होत्या आणि भावाची मान खाली खाली चालली होती. आत आला तो मात्र हसत.

"काय म्हणाल्या?"

"कुठे काय? सगळं उत्तम आहे, ताई. फक्त विश्रांती घ्यायची."

"खोटं बोलताना तू लहानपणापासून कान खाजवतोस. बोलव त्यांना."

डॉक्टर आल्या. बाई उशीला टेकून ताठ बसल्या. "हृदय माझं, आणि बोलणी याच्याशी चाललीत. मला सांगा. माझा जीव कशानं जाऊ शकतो?"

"ताई!" भाऊ कळवळला.

डॉक्टरांनी स्टूल ओढून घेतलं. "सांगते. आकडा विचारू नका. एकट्या तुमच्यापुरता आकडा कोणाकडेच नसतो. पण झटका आल्यानंतर माणसं कशानं दगावतात, ते आम्हाला ठाऊक आहे. काही गोष्टी हातातून गेल्या. वय झालं, मधुमेह जुना आहे, वडील याच दुखण्यानं गेले. आणि संध्याकाळी दुखायला लागलं, तुम्ही सकाळी आलात. तेवढ्या वेळात हृदयाचा एक तुकडा मेला. राहिलेल्यावर सगळा भार पडलाय, पंपाची ताकद घटलीय. सगळ्यात मोठी जोखीम ती. पित्त, पित्त म्हणत बायका घरात बसतात आणि उशिरा येतात."

"गेलं ते गेलं. हातात काय आहे?"

"पुष्कळ आहे. गोळ्या, एकही न चुकवता. साखर आणि रक्तदाब ताब्यात. आमच्या व्यायामवर्गाला यायचं. आणि सिगारेट–"

"छे, छे," भाऊ घाईनं म्हणाला, "आमच्या घरात कोणी–"

"दिवसाला सहा," बाई म्हणाल्या. "कधी आठ."

भावाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. "कधीपासून?"

"तू शाळेत होतास."

डॉक्टरांनी हसू दाबलं. "तर ती आजपासून बंद. या सगळ्यात इतका मोठा फरक दुसऱ्या कशानंच पडत नाही. पहिले काही महिने फार जपायचे, त्यातून सुखरूप निघालात की वाट सोपी होत जाते."

बाईंनी मान हलवली. धोका नेमका कुठे आहे हे कळलं, की त्यांना हायसं वाटे. शिकणाऱ्यांनाही त्या हेच सांगायच्या, की न दिसणारा खड्डा वाईट.

पण हॉस्पिटलातून सुटका झाली, आणि गाडी वेगळ्याच रस्त्याला लागली. भावानं त्यांना स्वतःच्या घरी नेलं, बाहेरच्या खोलीत पलंग टाकला आणि तळहाताच्या फोडासारखं जपायला सुरुवात केली. पाण्याचा पेला उचलायला हात पुढे गेला, की हा धावत यायचा. शिंक आली तरी याच्या काळजाचा ठोका चुके. आंघोळीला गेल्या तर दाराबाहेर उभा राहून विचारी, "ताई, आहेस ना?"

"नाही, वाहून गेले," आतून उत्तर यायचं.

पहिला आठवडा अशी उत्तरं आली. मग ती कमी झाली. बाई भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागल्या. छातीत जरा काही हललं की वाटायचं, आलाच दुसरा. श्वास रोखून त्या ठोके ऐकत बसायच्या. सिगारेटची तलफ येई तेव्हा चादरीची कड मुठीत आवळून धरायच्या, तेवढी एकच गोष्ट त्यांच्यात जिवंत उरली होती. व्यायामवर्गाचं नाव भावानं काढलंच नाही. उलट एका संध्याकाळी म्हणाला, "शिकवायची गाडी विकून टाकू या का? एक गिऱ्हाईक आहे."

"तुला वाटेल ते कर," बाई म्हणाल्या.

हे ऐकून स्वयंपाकघरात भावजयीच्या हातातली पळी थांबली. वीस-बावीस वर्षांच्या सहवासात आपल्या वन्संच्या तोंडून "तुला वाटेल ते कर" हे शब्द तिनं ऐकले नव्हते. टीव्हीचा आवाज किती ठेवायचा, हेसुद्धा वन्सं दुसऱ्याच्या मर्जीवर सोडत नसत.

मधे एकदा शिंपी भेटायला आला. फळं घेऊन अवघडून खुर्चीच्या कडेवर बसला.

"शिकणं कसं चाललंय?" बाईंनी भिंतीकडे बघतच विचारलं.

"बंद आहे. दुसऱ्या कोणाकडे जाणार नाही मी. तुम्ही या."

"मी काही येत नाही आता."

शिंप्यानं फळांची पिशवी उशाशी ठेवली. मग उठता उठता म्हणाला, "मी तर पुलावर मेलोच होतो, मॅडम. भीतीनं. तरी गाडी चालवली ना?"

तो गेल्यावर बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्या पलंगावरून काही उठल्या नाहीत.

दोन दिवसांनी चादर बदलताना भावजयीला गादीखाली कागदात गुंडाळलेल्या गोळ्या सापडल्या. एकाच रंगाच्या, चांगल्या मूठभर. तिनं ओरडाआरडा केला नाही. दार लोटून घेतलं आणि पलंगावर शेजारी बसली.

"या कशाला साठवल्यात, वन्सं?"

"घेतल्या की गरगरतं. हातापायांतला जीव जातो. नाहीतरी मला जायचंय कुठे?"

"बाकीच्या घेता?"

"बाकीच्या घेते."

"मी ह्यांना यातलं काही सांगणार नाही. ते हाय खातील. पण उद्या सकाळी आपण दोघी डॉक्टरांकडे जायचं. तुम्ही नाही म्हणालात, तर सांगेन."

"धमकी देतेस?"

"देते," भावजय म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हाला भिऊन वागले. आज नाही भीत."

बाईंनी वळून तिच्याकडे बघितलं. ही गरीब गाय आपल्या डोळ्याला डोळा भिडवून बसली आहे, याचंच त्यांना इतकं नवल वाटलं, की त्या हो म्हणून बसल्या.

डॉक्टरांनी कागदातल्या गोळ्या टेबलावर ओतल्या आणि पहिल्यांदाच त्यांचा बारीक आवाज चढला. "गरगरतं, तर मला फोन करायचा! गोळी कमी करता येते, बदलता येते. ती आपल्या मनानं एकदम सोडून द्यायची नसते. जाळीसाठी दिलेली गोळी अशी सोडली असतीत, तर आज इथे बसला नसतात. जेवता का?"

"दोन घास."

"रडता?"

"रडत नाही. काहीच करत नाही."

"तेच विचारत होते." डॉक्टरांचा आवाज पुन्हा खाली आला. "मन खचणं हेसुद्धा जोखमीतच धरतो आम्ही. खचलेला माणूस चालत नाही, जेवत नाही, गोळ्या टाकून देतो, आणि एवढं सगळं बाजूला ठेवलं तरी खचण्याचा स्वतःचा भार हृदयावर पडतोच. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. त्याचे डॉक्टर वेगळे आहेत, आजच गाठ घालून देते. पण माझ्याकडचा उपाय म्हणजे हा वर्ग. सोमवारपासून. कोणाला विचारायचं नाही."

परतताना घराच्या फाटकाशी आल्यावर बाई म्हणाल्या, "सोमवारी किती वाजता निघावं लागेल?"

भावजयीनं पदरानं डोळे टिपले.

भावाला हे रात्रीच्या जेवणाच्या वेळी कळलं, आणि घास तसाच ताटात टाकून तो उठला.

"व्यायाम? हृदयाच्या माणसाला व्यायाम? बाबांचं काय झालं, विसरलीस? पलंगावर होते तोवर बरे होते. एक दिवस गच्चीवर जायला निघाले आणि जिन्यातच गेले. माझ्या डोळ्यांदेखत गेले, ताई!"

"खाली बस."

तो बसला. बाईंनी पाण्याचा तांब्या स्वतः उचलून त्याच्यापुढे पेला भरला. त्याचा हात आडवा आला होता, तो त्यांनी बाजूला केला.

"तू जिना बघितलास. त्याच्या आधीचे महिने मी बघितले. तू कॉलेजात असायचास, त्यांच्या उशाशी मी बसायचे. बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या. न्हाणीघरात जाऊन सिगारेट ओढायचे, आईला वास यायचा आणि ती काही बोलायची नाही. आजारपण अंगवळणी पडलं होतं, पाय काडीसारखे झाले होते. नेमकं कशानं गेले, मला माहीत नाही. पण सगळा दोष त्या जिन्याच्या माथी मारू नकोस."

"तू कितीही सांग," भाऊ म्हणाला, "मला तो जिनाच दिसतो."

"मग माझ्याबरोबर चल. डोळ्यांनी बघ. मी पडले तर धरायला तू असशील."

सोमवारी भाऊ गेला. व्यायामवर्ग हॉस्पिटलच्या मागच्या मोठ्या खोलीत भरायचा. चालायची यंत्रं, सायकली, भिंतीला एक घड्याळ आणि छातीला तारा चिकटवलेली आठ-दहा माणसं. शिकवणारी तरुण मुलगी पडद्यावर सगळ्यांचे ठोके बघत फिरायची. बाईंची पर्स पोटाशी धरून भाऊ बाकावर बसला. यंत्राचा पट्टा सरकायला लागला, तेव्हा त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. उघडले, तेव्हा बाई अगदी हळू, पण चालत होत्या.

शेजारच्या यंत्रावर एक धिप्पाड गवंडी होता. "बाई, जरा दमानं," तो ओरडला. "मला मागे टाकाल!"

"तुम्ही उजवीकडून चाललात. डावीकडे व्हा," बाई म्हणाल्या.

सगळी खोली हसली. भावाला ताईचा हा आवाज ऐकून किती तरी दिवस झाले होते. तो हसायला लागला आणि हसता हसता पर्समध्ये रुमाल शोधू लागला.

पुढचे आठवडे सोपे गेले नाहीत. मनाच्या डॉक्टरांकडे बाई नाक मुरडत गेल्या, आणि नाक मुरडतच पुन्हा पुन्हा जात राहिल्या. एकदा वर्गाहून येताना चहाच्या टपरीवर त्यांनी एक सिगारेट मागून घेतली. पेटवली, दोन झुरके मारले, आणि समोरच्या दुकानाच्या काचेत त्यांना स्वतःचं रूप दिसलं. खांदे पाडून चोरासारखी उभी असलेली एक म्हातारी. सिगारेट चपलेखाली चिरडून त्या घरी आल्या आणि भावजयीला सगळं सांगितलं. "रागाव," म्हणाल्या. भावजयीला रागावणं काही जमलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून तिनं त्या टपरीवरून न जाणारा रस्ता धरला.

गवंड्याचं मात्र वेगळं झालं. त्याला लवकर बरं वाटायला लागलं. "माझं हृदय काँक्रीटचं आहे," असं म्हणत त्यानं आधी वर्ग सोडला. बाईंनी फोन केला, तर म्हणाला, "आता गोळ्याही नकोशा झाल्यात. ठणठणीत माणसानं औषध खायचं कशाला?" बाई त्याला बोलायचं ते बोलल्या. त्यानं हसण्यावारी नेलं. एका सकाळी शिकवणारी मुलगी रडवेल्या चेहऱ्यानं आली आणि तो गेल्याचं तिनं सांगितलं. काम चालू असताना गेला, भिंत अर्धी राहिली.

त्या दिवशी कोणी यंत्रावर चढलं नाही. घरी भाऊ नुसता ताईकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पुन्हा तो जिना होता.

"बोल," बाई म्हणाल्या.

"नको जाऊस, ताई."

"अरे, तो वर्गाला गेला म्हणून मेला का? यायचा बंद झाला होता. आणि आला असता तरी जगला असता, असंही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मला इतकंच कळतं, की आपल्या हातात होतं ते त्यानं सोडून दिलं. मी सोडणार नाही."

बाई गवंड्याच्या घरी गेल्या. त्याची बायको दाराशीच भेटली, जाडजूड, थकलेली बाई. तिला एकच विचारायचं होतं, "मी लक्ष ठेवायला कमी पडले का हो?" बाईंनी तिचा हात हातात घेतला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता आणि खरं बोलायची ती वेळ नव्हती. "तुम्ही बोलत होतात, मीही बोलले होते," त्या म्हणाल्या. "ऐकणं त्यांच्याकडे होतं." मग त्या बराच वेळ तिच्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. निघताना विचारलं, "तुम्ही स्वतः कधी डॉक्टरांना दाखवलंय का?" ती नाही म्हणाली. बाईंनी तिला पुढच्या आठवड्यातली वेळ घेऊन दिली आणि न्यायलाही स्वतःच गेल्या, रिक्षातून.

वर्गाचे ठरलेले आठवडे संपल्यावर डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पुन्हा केल्या. भाऊ आणि भावजय दोघं बरोबर होते.

"पंपाची ताकद थोडी वाढलीय," डॉक्टर म्हणाल्या. "पहिल्यासारखी नाही, आणि तशी होईल असं मी सांगत नाही. साखर चांगली आहे. सिगारेट?"

"दोन झुरके. टपरीवर. त्यानंतर नाही."

"म्हणजे बरी झाली ना?" भावानं विचारलं.

"जोखीम कमी झाली. संपली नाही."

"कोणाची संपलीय?" बाई म्हणाल्या. "मी गाडी कधी चालवू?"

स्वतःपुरती हळूहळू सुरू करा, शिकवण्याचं महिन्यानं बघू, अशी परवानगी मिळाली. गाडी विकायचा बेत भावानं आपणहून केव्हाच सोडून दिला होता, आणि बाईंनाही ते ठाऊक होतं. त्या आपल्या घरी राहायला परत गेल्या. सकाळ-संध्याकाळ एकेक फोन करायचा, एवढी अट त्यांनी मान्य केली. फोनला उशीर झाला, की भाऊ चपला न घालता निघायचा. एक-दोनदा तसाच येऊन पोचला, आणि दारातच बोलणी खाऊन, चहा पिऊन गेला.

शिकवायची परवानगी मिळाली त्या आठवड्यात भावजय एका दुपारी आली आणि गाडीपाशीच उभी राहिली.

"मला शिकायचंय, वन्सं."

"तुला? तू तर मागच्या सीटवरही डोळे मिटून बसतेस."

"म्हणूनच शिकायचंय."

बाईंनी तिला नीट न्याहाळलं. मग किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि डावीकडचं दार उघडून त्या बसल्या. भावजयीनं पदर खोचला, आरसा तीनदा हलवला आणि किल्ली फिरवली. गाडीनं उसळी मारली आणि ती बंद पडली.

"क्लच एकदम सोडलास."

"रागावू नका, वन्सं, नाहीतर उतरेन."

"उतरून तर बघ," बाई म्हणाल्या. "चल, पहिला टाक."